मिरजेची इंटरमिजिएट आणि लेस्टरची ए-लेव्हल

लेस्टरमध्ये मराठी कुटुंबं जमली, मग गणपती असो की हळदीकुंकू, मला एक प्रश्न ठरलेला असायचा. "गणित घेतलंस, फिजिक्स घेतलंस, ते उत्तम. पण तिसरा विषय चित्रकला? त्यापेक्षा केमिस्ट्री घ्यायचीस की." विचारणाऱ्या काकूंच्या डोळ्यांपुढे बहुधा रविवार सकाळचा चित्रकलेचा क्लास असायचा. मी हसून वेळ मारून न्यायचे. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, आणि हातात वरणभाताची ताटली घेऊन सांगण्यासारखं नाही.

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा झाली की बरीच मुलं शाळा सोडून दोन वर्षांसाठी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात जातात. आपलं ज्युनियर कॉलेजच म्हणा, फक्त शाखांची भानगड नाही. साधारण तीन विषय निवडायचे आणि त्यांची ए-लेव्हल करायची. गणिताबरोबर चित्रकला चालते, फिजिक्सबरोबर नाटक चालतं, कुणी भुवया उंचावत नाही. शिक्षकांना नावानं हाक मारायची पद्धत मात्र मला झेपेना. सर-बाई म्हणायची सोय नाही, नाव घ्यायला जीभ वळेना. पहिली टर्म मी "एक्सक्यूज मी" या एका शब्दावर काढली.

मी दहावी केली मिरजेत, 2022 साली. निकाल लागला आणि बाबांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. फाइन आर्टला प्रवेश घ्यायचा तर जीसीएसईची चित्रकला हवी होती. ती माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे होतं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचं प्रमाणपत्र, कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य, 'अ' श्रेणी. कॉलेजातल्या बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, काम दाखव. आईनं सुटकेसमध्ये माझे ड्रॉइंग पेपर गुंडाळी करून आणले होते (लोणच्याच्या बरणीला आधार म्हणून, पण ते असो). ते टेबलावर पसरले.

त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल, तर कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. मला वाटत होतं स्थिरचित्रापाशी थांबतील. तांब्या, वांगं, मागे पडदा, सगळं कसं नीटनेटकं. त्यावरून त्यांची नजर सरळ पुढे गेली. पण टोकदार पेन्सिलीनं काढलेला घन, त्याचे दर्शनी आणि वरचे आराखडे, पट्टीपेनानं न काढता हातानं रंगवलेली ठळक अक्षरं, हे त्यांनी खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं. मग विचारलं, "हे छान आहे. याच्या आधीचं काम कुठे आहे?"

आधीचं काम? मला प्रश्नच कळला नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये एक कागद मिळतो, त्यावर शिक्का असतो, वेळ संपायच्या आत त्या कागदावर चित्र पुरं करायचं असतं. त्याच्या आधी काहीच नसतं. सरावाचे कागद असतात, ते रद्दीत जातात. बाईंनी प्रवेश दिला, पण तो प्रश्न दोन वर्षं माझ्या मानेवर बसून राहिला.

आमच्या मिरजेच्या सरांची शिकवण पक्की होती. पेन्सिल ब्लेडनं तासायची, शार्पनर वर्गात आणायचा नाही. पोस्टर कलर सपाट बसला पाहिजे, ब्रशचा पट्टा दिसला की कागद परत. स्थिरचित्रात पहिला अर्धा तास रंगाला हात लावायचा नाही. आणि स्मरणचित्रासाठी मनुष्याकृतींचा साठा करायचा. म्हणजे कसं, की डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्रीवाला माणूस, पाठमोरा मुलगा, सायकलवाला, एवढी मंडळी पाठ असली की विषय भाजी मंडई येवो, वारी येवो, नाहीतर बसथांबा, ती सगळीकडे उभी करता येतात. माझ्या बॅचच्या प्रत्येक मुलाच्या प्रत्येक चित्रात तीच पाटीवाली बाई होती. ती आमच्या आधीच्या बॅचकडून आली होती आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांकडून.

लेस्टरमध्ये पहिल्याच आठवड्यात आमच्या हातात दिली झाडाची वाळकी काटकी आणि काळ्या शाईची वाटी. काटकीचं टोक शाईत बुडवून समोर बसलेल्या मुलाचं चित्र काढायचं, कागदाकडे न बघता. मग डाव्या हातानं. मग एकदा टेकवलेली काटकी न उचलता. मग अर्ध्या मिनिटात. माझ्या शेजारची मुलगी आरामात शिंतोडे उडवत होती आणि मी त्या काटकीचं टोक तासून घ्यायला ब्लेड शोधत होते. त्या दिवशीचे सगळे कागद वहीत चिकटवायचे होते, त्यातला एकही टाकायचा नाही, शेजारी काय झालं आणि काय सुचलं ते लिहायचं. स्केचबुक म्हणजे इथे ए-थ्री आकाराचा काळ्या पुठ्ठ्याचा ठोकळा. वर्षअखेरीस त्याची जाडी तिप्पट होते आणि तो मिटत नाही.

गुण त्या ठोकळ्याला असतात, ही गोष्ट आपल्या लोकांना सांगून पटत नाही. आमच्या कॉलेजात एक्यूए या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम होता. त्याचे दोन भाग. पहिला वैयक्तिक अभ्यासप्रकल्प, 60 टक्के. दुसरा मंडळानं दिलेल्या विषयावरचं काम, 40 टक्के. दोन्ही 96 गुणांचे, आणि दोन्हीकडे चार निकषांवर 24-24 गुण. कल्पना कशी वाढवली, साधनं-माध्यमं कशी हाताळून पाहिली, निरीक्षणं कशी नोंदवली, आणि शेवटी स्वतःचं म्हणून काय उभं केलं. म्हणजे भिंतीवर लावायचं जे चित्र असतं ते मुख्यतः चौथ्या निकषात येतं. बाकी तीन निकष म्हणजे वाट.

ही पद्धत थोर आहे असं मी म्हणणार नाही. वाटेला गुण आहेत म्हटल्यावर मुलं वाट बनवायला शिकतात. चित्र आधी होतं, मग रात्री बसून त्याच्या "आधीची" कच्ची रेखाटनं तयार होतात. चहाच्या पाण्यात कागद बुडवून पिवळे करायचे, कडा जाळायच्या, एखाद्या चित्रकाराची माहिती नेटवरून उतरवून चारी बाजूंनी वॉशी टेप लावायची, झालं "संशोधनाचं" पान. आमच्याकडे पाटीवाली बाई होती, यांच्याकडे चहाचे डाग आहेत. परीक्षा कुठलीही असो, मुलं तिची पळवाट शोधतातच. तरी एक फरक मान्य करायला हवा. पाटीवाल्या बाईबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही. चहाच्या डागाबद्दल बाई वर्गात सगळ्यांसमोर विचारायच्या, "हा इथे का आहे?" आणि "छान दिसतो म्हणून" हे उत्तर चालायचं नाही.

दुसरी तक्रार जरा जास्त गंभीर आहे. इथे रेखाटन शिकवतच नाहीत. काढा म्हणतात, पण कसं काढायचं ते सांगत नाहीत. माझ्या वर्गात विचारांनी माझ्यापेक्षा चार पावलं पुढे असलेली मुलं होती, पण कपाच्या तोंडाचा लंबगोल काढताना त्यांची टोकं लिंबासारखी निमुळती व्हायची. लंबगोलाला टोक नसतं, वरचा आणि खालचा सारखा नसतो, डोळ्याच्या पातळीपासून जितका खाली तितका तो उघडतो, हे आम्हाला सातवीत सांगितलेलं. दोन-तीन जणांना मी ते कॅन्टीनच्या ट्रेवर पेल्यांची रास मांडून दाखवलं. बदल्यात त्यांनी मला बोलायला शिकवलं. आठवड्यातून एकदा सगळ्यांची कामं भिंतीवर लावून चर्चा व्हायची, आणि त्यात मी पहिले काही महिने "आय लाइक द कलर्स" याच्या पुढे सरकत नव्हते.

त्या वर्षी आम्हाला शहरातल्याच संग्रहालयात नेलं. लेस्टरच्या न्यू वॉकवरच्या या संग्रहालयात जर्मन एक्स्प्रेशनिस्ट (जसं दिसतं त्यापेक्षा जसं वाटतं तसं रंगवणाऱ्या) चित्रकारांच्या चित्रांचा मोठा साठा आहे, आणि तो या शहरात कसा आला त्याची गोष्ट चित्रांइतकीच ऐकण्यासारखी आहे. 1944 साली, जर्मनीशी युद्ध ऐन भरात असताना, इथले संचालक ट्रेव्हर टॉमस यांनी नाझींनी "विकृत" ठरवलेल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं. चित्रं जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांकडून आली होती. त्यातली काही संग्रहालयानं तेव्हाच विकत घेतली. फ्रान्झ मार्कचं 1912 सालचं 'लाल स्त्री' हे त्यांतलंच. झाडोऱ्यात पाठमोरी बाई, अंग विटेसारखं तांबडं. माझ्या मनात पहिला विचार आला तो सरांचा. ब्रशचे पट्टे दिसतायत, कागद परत!

पण तिथे मी बराच वेळ उभी राहिले ते छापचित्रांपुढे. लाकूड कोरून काढलेल्या त्या काळ्या रेघा. हात थोडा घसरला तर तो तसाच राहतो, लाकूड खोडता येत नाही. परत आल्यावर मी छपाईच्या खोलीचा पिच्छा पुरवला. रंगवायला येत असून मी तिकडे का जाते हे बाईंना कळेना. मला कारण सांगता येत नव्हतं. तिथे निदान साधनांचे नियम होते, हे एक असावं.

सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या टर्ममध्ये वैयक्तिक प्रकल्पाचे विषय ठरवायचे होते. वर्गातल्या बहुतेकांचे विषय ओळख, एकटेपणा, शरीर, समुद्र असे होते. बाईंची अपेक्षा दिसत होती की मी स्थलांतर घेईन, आजीची साडी, मसाल्याचा डबा वगैरे. मला त्याचा कंटाळा होता. दोन देशांतली मुलगी म्हटलं की मसाल्याचा डबा काढलाच पाहिजे का? मी विषय घेतला नक्कल.

हे सुचलं ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर भटकताना. तिथे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती आहेत, मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात काढलेल्या. कुणी काढल्या? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी. जॉन ग्रिफिथ्स हे तिथले शिक्षक 1872 ते 1885 या काळात मुलांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतली चित्रं जशीच्या तशी उतरवून घेत. त्या मुलांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नामवंत चित्रकार झाले. कॅनव्हास लंडनला दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाठवले गेले, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये, आणि 1885 च्या आगीत त्यांतले बरेच जळाले. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्याच्या आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून केलेल्या प्रतींचीही तीच गत झाली होती. त्या 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मूळ चित्रं इकडे डोंगरात जागच्या जागी, आणि जपून ठेवायला नेलेल्या नकला तिकडे जळून खाक. अर्थात मूळही सुखरूप राहिलं नाही. तपशील नीट दिसावा म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं, ते पुढे पिवळं पडून त्याचे पापुद्रे निघू लागले, आणि 1920 च्या सुमारास निजाम सरकारला त्यावर इलाज करायला इटलीहून तज्ज्ञ बोलवावे लागले. नक्कल करता करता अस्सलाला इजा झाली.

त्या प्रतींमध्ये पहिल्या लेण्याच्या छतावरच्या चौकटी आहेत. चौरसात बसवलेली कमळं, देठ, वळणदार पानं. मी त्या पाहिल्या आणि मला आमचा संकल्पचित्राचा पेपर दिसला. चौरस घ्या, फुलापानांचे आकार बसवा, तीन-चार रंगांत रंगवा. जे. जे.ची सुरुवातीची अभ्यासपद्धत दक्षिण केन्सिंग्टनच्या कलाशाळेच्या धर्तीवर बेतलेली होती. मुक्तहस्त रेखाटन, भूमिती, समोर नमुना ठेवून त्याची नक्कल, नक्षीकाम. म्हणजे ब्लेडनं तासलेली पेन्सिल, लंबगोल, सपाट रंग, हे जे मी मिरजेचं म्हणून मिरवत होते त्याचा बराचसा भाग दीडशे वर्षांपूर्वी लंडनहून मुंबईला गेलेला माल होता. इकडे त्यांनी तो केव्हाच टाकून दिला, तिकडे आम्ही सांभाळला. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. प्रवेशाच्या दिवशी त्यांना माझी भूमिती का आवडली त्याचा माझ्यापुरता उलगडा तेव्हा झाला. त्यांच्या आजीच्या पिढीत इथल्या शाळांत तसलं काहीतरी शिकवत असत.

मी एक चौकट घेतली आणि ती उतरवायला लागले. आधी पडद्यावरून पेन्सिलीत. मग त्या पेन्सिलीच्या चित्रावरून चारकोलमध्ये, पडदा बंद करून. मग चारकोलवरून काटकी-शाईत. प्रत्येक वेळी मूळ न बघता, फक्त आधीच्या प्रतीवरून. देठाचं वळण दर टप्प्याला थोडं माझ्या हाताच्या सवयीकडे झुकत गेलं आणि चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत ते कमळ अजिंठ्याचं राहिलं नाही, इंटरमिजिएटच्या पेपरातलं झालं! पाठ केलेला आकार हातात किती खोल बसलेला असतो ते मला तिथे दिसलं. हे मात्र वहीत लिहायला मला कुणी सांगावं लागलं नाही.

पुढचा टप्पा ड्रायपॉइंटचा. पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा घ्यायचा, खाली चित्र ठेवायचं आणि धातूच्या सुईनं वरून ओरखडत जायचं. सुई प्लास्टिकमध्ये रुतते तेव्हा रेघेच्या दोन्ही काठांना बारीक कंगोरा उठतो. बोटानं चाचपला तर खरखरीत लागतो. मग दाट काळी शाई पुठ्ठ्याच्या तुकड्यानं पत्र्यावर फासायची, रेघांत दाबून भरायची, आणि कडक जाळीदार कापडाच्या बोळ्यानं गोल गोल पुसायची. हे पुसणं हीच खरी कला. जास्त पुसलं तर रेघेतली शाई निघून येते, कमी पुसलं तर सगळं चित्र धुरकट. शेवटचा हात जुन्या मासिकाच्या पानानं, अगदी हलका. कागद आधी पाण्यात भिजवून टिपकागदात दाबून ठेवलेला असतो, कारण कोरडा कागद रेघेत उतरून शाई उचलत नाही. प्रेसवर पत्रा, त्यावर ओलसर कागद, त्यावर लोकरीची जाड घोंगडी, आणि मग ते जहाजाच्या सुकाणूसारखं चाक फिरवायचं. रोलरखालून निघाल्यावर कागद एका कोपऱ्यानं उचलला की चित्र उलटं उमटलेलं असतं, रेघांना मखमलीसारखी मऊ काळी झालर. ती झालर कंगोऱ्यात अडकलेल्या शाईची असते.

आणि तो कंगोरा टिकत नाही. दर छापाला रोलरच्या दाबानं थोडा दबतो, पुसताना थोडा झिजतो. पहिले काही छाप गडद येतात, मग झालर जाते, मग रेघ बारीक होते, मग करडी. छापचित्रकार म्हणूनच ड्रायपॉइंटच्या थोड्याच प्रती काढतात. मला तर नेमकं हेच हवं होतं. मी एकाच पत्र्यावरून छापत राहिले, कमळ जवळजवळ दिसेनासं होईपर्यंत, आणि सगळे छाप क्रमानं एका ओळीत लावले. शेवटच्यांत कागदावर नुसता पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला. छपाईच्या खोलीतले तंत्रज्ञ काका माझ्यावर वैतागले होते, कारण शाई किती संपली याचा हिशेब त्यांना द्यावा लागतो.

याच्या जोडीला 1000 ते 3000 शब्दांचा निबंध लिहावा लागतो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ग्रिफिथ्स, आगी आणि व्हार्निश एवढा मसाला असल्यावर शब्द कमी पडले नाहीत, उलट कापावे लागले. इंग्रजीची धास्ती होती, पण तिथे भाषेपेक्षा तुमचं म्हणणं आणि तुमचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ आहे का हे बघतात.

दुसऱ्या भागाची प्रश्नपत्रिका सिक्स्थ फॉर्मच्या दुसऱ्या वर्षी 1 फेब्रुवारीपासून मुलांच्या हातात देता येते. तिच्यात वेगवेगळे विषय असतात, एक निवडायचा, काही आठवडे तयारी करायची, आणि मग देखरेखीखाली 15 तासांत अंतिम काम करायचं. आमच्याकडे ते तीन दिवसांत वाटलेलं होतं. एकदा ते तास सुरू झाले की तयारीच्या वहीत एक रेघही वाढवायची नाही, आणि शिक्षकांनी चांगलं-वाईट काही बोलायचं नाही. मी वस्तुचित्राकडे झुकणारा विषय घेतला. कुकरचं झाकण, शिट्टी, पिठाचा स्टीलचा डबा, त्यांत एकमेकांची पडलेली प्रतिबिंबं. मसाल्याचा डबा नको म्हणून अडून बसले आणि शेवटी पिठाच्या डब्यावर आले, त्याला काय करणार! पण स्टील रंगवण्यात मजा असते. त्यात राखाडी रंग जवळजवळ नसतोच. शेजारच्या वस्तूचा रंग चोरून ते आपलं म्हणून दाखवतं.

त्या तीन दिवसांत मिरज कामी आली. वर्गातली बरीच मुलं पहिल्याच तासाला रंगात हात घालून बसली आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसली. मी सरांचा अर्धा तास चांगला दोन तासांवर नेला. कुठला भाग आधी, कुठला वाळेपर्यंत दुसरीकडे काय करायचं, याचा कागद करून तो बोर्डाला लावला. घड्याळावर चित्र बसवायची सवय आम्हाला तेराव्या-चौदाव्या वर्षापासून असते. ती वाईट सवय आहे असं इथली मंडळी म्हणतील, आणि एरवी म्हणतातही. त्या तीन दिवसांत कुणी म्हणालं नाही.

मग सगळ्यांची कामं मांडून कॉलेजात प्रदर्शन लावलं. गुण आधी कॉलेजचे शिक्षक देतात, नंतर मंडळाचा मॉडरेटर काही मुलांची कामं पाहून ते गुण ताडून बघतो. तो आला तेव्हा आम्हाला आत सोडलं नव्हतं. ऑगस्टमध्ये निकाल लागला, ए मिळाला. गणितात बी. काकूंनी यावर काय म्हटलं ते लिहीत नाही.

छापांच्या ओळीचा फोटो मी मिरजेच्या सरांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पहिलं झकास. शेवटी शेवटी पुसट आलंय, परत काढ." मी फोन करून कंगोऱ्याचं प्रकरण समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कल्पनेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि विचारलं, तो पत्रा केवढ्याला पडतो? मी म्हटलं, पत्रा नसला तरी चालतं, ज्यूसचा खोका उघडून आतल्या चंदेरी बाजूवर ओरखडलं तरी छाप येतो. मग प्रेसचं काय, म्हणाले. इथे काहीजण घरी पास्त्याच्या रोलरमधून काढतात, असं मी सांगितलं. "म्हणजे आपलं शेवयांचं यंत्र," सर म्हणाले.

तेव्हापासून नववीच्या पोरांचे चिंचोळे छाप फोनवर येत असतात, यंत्राच्या रुंदीत मावतील एवढेच. पहिल्या खेपेला शाई पसरली होती. मी कळवलंय की कागद ओला हवा पण ठिबकता नको, आणि रोलरमध्ये कागदाच्या मागे जुन्या ब्लँकेटची पट्टी घाला. यंत्र कुणाच्या घरचं आहे ते सर सांगत नाहीत.